कुणीतरी १०८ला फोन करा ना

बडोद्यात मरीमातेच्या खांच्यात मोबाईलच्या दुकानांची रांग आहे, तिथल्या एका पोराने माझ्या नव्या टॅबलेटवर काच चिकटवून दिली. श्वास रोखून, नखाने कडा दाबत, आणि शेवटी फडक्याने पुसून माझ्यासमोर धरत म्हणाला, "जुओ मासी, एक पण बबल नथी." मी पैसे दिले, टॅबलेट कापडी पिशवीत घातला, पिशवी खांद्याला लावली आणि रावपुऱ्याच्या रस्त्यावर आले. दिवेलागणीची गर्दी होती. मागून आलेल्या मोटरसायकलच्या हँडलमध्ये पिशवीचा बंद अडकला. पुढचं आठवतं ते एवढंच की मी रस्त्यात बसले होते, उजवा तळवा डांबरावर टेकलेला होता आणि मनगटातून निघालेली कळ थेट कानापर्यंत पोचली होती. मोटरसायकलवाला थोडा पुढे जाऊन थबकला, वळून पाहिलं आणि निघून गेला. त्याचा मला तेव्हाही फार राग आला नाही. धक्का मारून पळणारे असतात, ते पळतात. मला छळत राहिली ती त्यानंतरची काही मिनिटं.

रस्त्यात बसलेल्या माणसाला गर्दी आधी पायांनी दिसते. कोल्हापुरी चपला, चिखल लागलेले बूट, एका मुलीच्या अंगठ्यावरचं अर्धं उडालेलं निळं नेलपॉलिश. नवरात्रात मध्ये गरबी ठेवून भोवती रिंगण धरतात तसं माझ्याभोवती रिंगण झालं होतं, फक्त कुणी फिरत नव्हतं. वर पाहिलं तर चेहरे चांगले होते. ही गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. कुणी हसत नव्हतं, कुणी खेकसत नव्हतं. एका बाईंनी तर तोंडावर हात ठेवला होता आणि त्यांचे डोळे भरून आले होते. "शुं थयुं?" "टक्कर मारीने भागी गयो." "हाड भांग्युं लागे छे." आणि मग वेगवेगळ्या आवाजांत, वेगवेगळ्या दिशांनी तेच एक वाक्य, "कोईक १०८ने फोन करो ने!" म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता. एकाचा तर माझ्याकडेच रोखलेला होता. मी डाव्या हाताने पहिलं काम काय केलं असेल, तर पदर सारखा केला.

मग मला पिशवी आठवली. "मारी थेली क्यां गई? अंदर टॅबलेट छे," मी ओरडले, आणि ते रिंगण एकदम फुटलं. एक कॉलेजातला मुलगा सरळ रस्त्यावर पालथा पडून उभ्या टेम्पोखाली हात घालून शोधायला लागला. दुसऱ्याने येणारी वाहनं हात करून थांबवली. साडीच्या दुकानातला माणूस स्टूल घेऊन धावत आला, नेलपॉलिशवाल्या मुलीने माझ्या काखेत हात घालून मला त्यावर बसवलं आणि विचारलं, "आंटी, घरी कोणाला फोन लावू? नंबर सांगा." शुद्ध मराठीत. उसाच्या रसाच्या गाडीवरचे काका पाण्याचा ग्लास घेऊन आले नि म्हणाले, "ल्यो बा, पाणी पिओ, पछी गोळी गळजो." टॅबलेट म्हणजे माझी बीपीची गोळी असावी असा त्यांचा समज झाला होता. तो समज पसरलाही, कारण डोळे भरून आलेल्या त्या बाई पर्स उघडून कोणती गोळी, किती पॉवरची, हे विचारू लागल्या. तेवढ्यात पिशवी सापडली. टॅबलेट शाबूत, त्यावरच्या काचेला मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा. रिक्षाही आली. सगळ्यांनी मिळून मला आत बसवलं, आणि रसवाल्या काकांनी रिक्षावाल्याला बजावलं, "धीमे लई जजे."

मग आधीची काही मिनिटं या माणसांना काय झालं होतं?

मनगटाला प्लास्टर घालून घरी आले तेव्हा घरात दोन मतं तयार होती. ह्यांचं म्हणणं, जमाना बिघडला, माणुसकी राहिली नाही. पुण्याहून लेकीचं म्हणणं, आई, मोठ्या शहरात असंच असतं, तू मनाला लावून घेऊ नकोस. मला दोन्ही पटेनात. माणुसकी मेली म्हणावं तर तो मुलगा नव्या जीन्सची पर्वा न करता टेम्पोखाली शिरला होता. आणि शहरात असंच असतं म्हणावं, तर पुढच्याच क्षणी ज्यांनी मला उचललं ते कुठल्या खेडेगावातून आले होते? माणसं तीच, रस्ता तोच. मधल्या काळात बदललं होतं ते इतकंच की मी काहीतरी मागितलं होतं, आणि मागितलं ते करता येण्याजोगं होतं.

हा विचार डोक्यात घोळत असताना टॅबलेटशी माझी झटापट चालू होती. टॅबलेट लेकीने वाढदिवसाला पाठवलेला. मोठी अक्षरं, डोळ्यांना बरं, असं तिचं म्हणणं. उजवा हात गळ्यात, त्यामुळे शिक्षण डाव्या हाताने. माझं बोट त्याला समजतच नसे. दोनदा तीनदा टेकवावं तेव्हा एकदा पान हलायचं. लेकीने फोनवर समजावलं की ही काच दाबाने चालत नाही, बोटातून जो किंचित विजेचा फरक पडतो तो ओळखून चालते, आणि वयानुसार कातडी कोरडी झाली की तो फरक नीट कळत नाही. "आई, हाताला जरा क्रीम लाव." म्हणजे यंत्रालाही माझ्या कोरडेपणाची अडचण होती. दुसरी गंमत आडवं झाल्यावरची. मी कुशीवर वळले की पानही वळायचं. मी उशीवर डोकं कलतं करून वाचणार, तर अक्षरं आपली सरळ उभी, म्हणजे माझ्या डोळ्यांना आडवी. ते फिरणं बंद करायचं बटण वरून बोट ओढल्यावर सापडतं, हे कळेपर्यंत मी मानेचे बरेच हाल करून घेतले. आणि विचार करत थोडं थांबावं तर पडदा काळा. वाचताना माणूस मधेच थांबतो, छताकडे बघतो, हे त्या यंत्राला कुणी सांगितलेलंच नसतं.

आमची वाचायची सवय मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतली. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन नावाच्या ग्रंथपालांना आणवून १९१० साली ज्या ग्रंथालयांची घडी बसवली, त्यातलं हे मुख्य. लोखंडी मांडण्या आणि वरच्या मजल्यांना चक्क काचेची जमीन, म्हणजे खालच्या पुस्तकांपर्यंत उजेड पोचावा. लहानपणी मी खाली उभी राहून वर बघत असे. कुणीतरी पुस्तक शोधत फिरतंय हे काचेतून सरकणाऱ्या सावलीवरून कळायचं. जुन्या कागदाचा, लोखंडाचा आणि फिनेलचा मिळून एक वास तिथे असे. टॅबलेटला वास नाही. पण रात्री दोन वाजता मनगट ठणकत असताना उशाशी उघडता येतो, आणि मनात आलेला प्रश्न लगेच विचारता येतो, ही मात्र त्याची बाजू मान्य करायला हवी.

असंच एका रात्री मी १९६४च्या न्यूयॉर्कमध्ये जाऊन पोचले. क्वीन्स भागात मार्चमधल्या एका पहाटे किटी जिनोव्हीज नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या मुलीवर घराच्या दाराशी हल्ला झाला, ती मेली. दोन आठवड्यांनी न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर छापलं की अडतीस जणांनी खिडक्यांतून हा प्रकार पाहिला आणि हल्ला चालू असताना कुणीही पोलिसांना कळवलं नाही. जगभर त्या बातमीने माणसांची मान खाली गेली. पुढे कितीतरी वर्षांनी लोकांनी खोदून काढलं तेव्हा कळलं की अडतीसचा आकडा फुगवलेला होता, बहुतेकांना नुसता आवाज आला होता, पोलिसांना फोन केल्याचं काहींनी सांगितलं होतं, आणि एक शेजारीण तर मारेकरी कुठे आहे हे ठाऊक नसताना जिन्यातून खाली धावली आणि तिने किटीला मांडीवर घेतलं होतं. २०१६ साली मारेकरी तुरुंगात मेला तेव्हा त्याच वर्तमानपत्राने आपल्या बातमीत खोट होती हे मान्य केलं. मला त्या शेजारणीचं वाईट वाटलं. इतकी वर्षं पाठ्यपुस्तकांत तिच्या इमारतीतल्या लोकांचा निर्दयपणा शिकवला गेला, आणि ती त्यांच्यातच मोजली गेली.

पण त्या अर्ध्यामुर्ध्या बातमीतून एक खरं काम निघालं. जॉन डार्ली आणि बिब लाताने ह्या दोघांनी १९६८मध्ये एक प्रयोग छापला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवरून गप्पा मारायला सांगितलं. मधेच एकाला फिट आल्यासारखे आवाज येऊ लागतात, तो अडखळत मदत मागतो. आवाज खरं तर आधी टेप केलेला. ज्यांना वाटत होतं की हे ऐकणारे आपण एकटेच, त्यांतले ८५ टक्के विद्यार्थी तो अजून तडफडत असतानाच मदतीला उठले. ज्यांना वाटत होतं की आपल्यासारखे आणखी चौघं ऐकताहेत, त्यांतले फक्त ३१ टक्के. आकडे वाचून मी दचकले नाही, पुढचं वाचून दचकले. न उठलेल्यांना भेटायला संशोधक खोलीत गेले तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम होता, आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, "तो बरा आहे ना?" उठावं की बसावं ह्याचं त्यांचं अजून ठरतच होतं. तोंडावर हात ठेवून उभ्या राहिलेल्या माझ्या त्या बाई मला डोळ्यांसमोर दिसल्या. घाबरलेला माणूस आजूबाजूला बघतो, बाकीचे स्वस्थ उभे दिसतात, त्याला वाटतं, एवढं काही नसेल किंवा कुणीतरी केलं असेल. आणि बाकीचे त्याच्याकडे बघून तेच ठरवत असतात.

ह्याला पुन्हा एक उलटी बाजू आहे, आणि ती मला जास्त आवडली. २०१९मध्ये आलेल्या एका अभ्यासात ॲम्स्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊन इथल्या रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांत सापडलेली २१९ भांडणं पाहिली. दहातल्या नऊ वेळा कुणी ना कुणी मधे पडलं होतं, आणि बघे जितके जास्त तितकी कुणीतरी मधे पडण्याची शक्यता जास्त. म्हणजे एकेका माणसाचं पाऊल अडखळत असेल, पण रिंगण मोठं असेल तर त्यात एक तरी पुढे येणारा निघतोच. प्रयोगशाळेतल्या खोल्यांत माणसं एकमेकांना दिसत नव्हती, रस्त्यावर दिसतात, हा फरक असेल. दोन्ही गोष्टी मला खऱ्या वाटतात. रावपुऱ्यात मी दोन्ही पाहिल्या.

"पूर्वी असं नव्हतं" हे वाक्य मात्र मी ऐकून घेत नाही. आमचा वाडा दांडिया बाजारात. मधे चौक, चौकात नळ, जिन्याखाली सायकली आणि एक कायमचा मोडका पाळणा. रात्री कुणाच्या हातून तांब्या पडला तरी चार माड्यांवरून चार डोकी बाहेर यायची, "काय गं पडलं?" आजी न्हाणीत घसरली तेव्हा तिच्या तोंडून हाक फुटायच्या आधी वरच्या मजल्यावरचे दोघं खाली आले होते. तिला खुर्चीत बसवून खुर्चीसकट डॉक्टरांकडे नेली आणि संध्याकाळपर्यंत तीन घरांतून पिठलंभात आला. हे सगळं खरं. पण ज्या कानांनी तांब्या ऐकला त्याच कानांनी बाकीचंही ऐकलं जायचं. ताईचं ठरत आलेलं लग्न मोडलं ते आम्हाला नीट कळायच्या आधी चौकात चर्चा होऊन संपली होती. कुणाकडे कोण आलं, किती वेळ बसलं, निघताना डोळे लाल होते का, सगळ्याची नोंद. ताई लग्नानंतर मुंबईला गेली आणि तिने पहिल्या पत्रात लिहिलं होतं, इथे शेजारच्यांना माझं नावही माहीत नाही, किती बरं वाटतं. तिच्या त्या बरं वाटण्याला मी उदासीनता कशी म्हणू? आपण फ्लॅटचं दार लावून घेतलं ते थोडंफार हौसेनेच. आता दाराबाहेर कुणी पडलं तर आवाज येत नाही म्हणून एवढा टाहो का?

दारं लावण्यात हौस होती तशी भीतीही होती, तीही सांगायला हवी. माझ्या मामेभावाने एकोणीसशे ऐंशीच्या दशकात हायवेवर जखमी झालेल्या एका अनोळखी माणसाला आपल्या जीपमध्ये घालून इस्पितळात पोचवलं. माणूस वाचला. भाऊ त्यानंतर कितीतरी वर्षं साक्षीला खेटे घालत राहिला. तारीख पडायची, हा रजा टाकून जायचा, पुढची तारीख मिळायची. घरी मामी म्हणायची, "पुण्य कर, पण तोंड लपवून कर." एका सबंध पिढीला हे शिकवायला असे दहा-बारा भाऊ पुरे होतात. कायदा बदलला तो फार नंतर. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या नियमांना कायद्याचं बळ दिलं. मग २०१९च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलमच आलं. अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव-गाव सांगायचं की नाही हे तो ठरवतो. मदतीबद्दल केंद्र सरकारचं बक्षीसही आहे, आधी ५,००० रुपयांचं होतं, आता २५,००० केलंय. मी भावाला हे सगळं टॅबलेटवरून वाचून दाखवलं. तो आता पंचाहत्तरीचा आहे. म्हणाला, "कलम आलं हे चांगलं झालं. ते त्या कारकुनाला कुणी वाचून दाखवलंय का तेवढं बघ."

२०२४च्या ऑगस्टचा पूर आठवा. धोक्याची खूण २५ फुटांची, विश्वामित्री नदी ३५च्याही वर चढली. आम्ही अकोट्याला राहतो. तळमजल्यावरच्या गाड्यांची फक्त टपं दिसत होती, वीज नाही, आणि वन खात्याची माणसं वस्त्यांतून मगरी पकडून नेत होती. त्या दिवसांत आमच्या सोसायटीत कुणी कुणाची वाट पाहिली नाही. वरच्या मजल्यावरच्या मुलांनी दोरीला बादली बांधून दूध, मेणबत्त्या, खाकरे खाली-वर केले. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांचं इन्सुलिन कुणाच्या तरी थर्मासात राहिलं. ज्या घराशी पार्किंगवरून वर्षभर अबोला होता त्या घरात आमचा गॅस सिलेंडर गेला. तेव्हा सगळ्यांना देवत्व आलं होतं असं मी म्हणणार नाही. खाली पाणी होतं, बाहेरून येणारं कुणी नव्हतं, "कुणीतरी" म्हणून जो असतो तो आम्हीच होतो, आणि हे सगळ्यांना एकाच वेळी दिसत होतं. पाणी ओसरलं, गाळ काढला, आणि महिन्याभरात पार्किंगचा अबोला जिथल्या तिथे येऊन बसला.

सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप टॅबलेटच्या मोठ्या पडद्यावर बघायला लागले तेव्हा मला रावपुऱ्याचं रिंगण घरात येऊन बसल्यासारखं झालं. फाटकासमोरच्या खांबावरचा दिवा गेला होता, आणि एकदा पडलेल्या माणसाला अंधाराचं फार भय. डाव्या हाताने एकेक अक्षर शोधत मी लिहिलं, "फाटकाजवळचा दिवा बंद आहे. कोणी तक्रार केली का?" नातीने शिकवलं होतं की आपल्या निरोपावर बोट दाबून धरलं आणि माहिती उघडली की कोणी कधी वाचलं ते दिसतं. उघडून पाहिलं. नावांखाली नावं, वेळेसकट. आठ वाजून चार, आठ वाजून पाच, आठ वाजून पाच. बोटाने ढकलत गेले तरी यादी सरेना. उत्तर म्हणून दोन अंगठे आणि एक जोडलेले हात. हे हात कशासाठी जोडले असतील, ते मला अजून कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा लिहिलं, पण ह्या वेळी दुसऱ्या मजल्यावरच्या भाईंचं नाव घालून, "तुम्ही उद्या ऑफिसला जाताना तक्रार नोंदवाल का? नंबर आला की इथे टाका." चहा संपायच्या आत उत्तर आलं, "हा बेन, चोक्कस." तक्रारीचा नंबरही सकाळी आला. दिवा लागायला वेळ लागला, ती गोष्ट वेगळी.

एवढ्यावर मी स्वतःवर खूश होऊन थांबले असते. नाव घेऊन सांगा, काम नेमून द्या, झालं. पण प्लास्टर बदलायला जाताना सयाजीगंजात स्टेशनच्या बाजूला एक माणूस फुटपाथवर पडलेला दिसला. कुशीवर, एक पाय गटाराकडे लोंबता, तोंडापाशी माश्या. त्याच्याभोवती रिंगण नव्हतं. लोक जराशी वाट वाकडी करत होते, बस. कुणी "कोईक बोलावो ने" सुद्धा म्हणत नव्हतं. रिक्षावाला आरशात माझ्याकडे बघून म्हणाला, "पीधेलो हशे." दारूबंदीच्या राज्यात ह्या एका वाक्याने माणूस आणखीनच परका होतो. त्याला हात लावणं म्हणजे उगाच पोलिसांशी गाठ. आणि साखर उतरून पडलेला माणूसही लांबून तस्साच दिसतो. टॅबलेटवर मी १९६९चा एक प्रयोग वाचला होता, न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतला. डब्यात एक माणूस मुद्दाम कोसळायचा. हातात काठी असली तर शंभरात पंच्याण्णव वेळा लोक आपणहून उठले. दारूचा वास आणि हातात बाटली असली की पन्नास वेळा. माझ्याकडे तर काठीहूनही भारी भांडवल होतं. स्टार्चची सुती साडी, पांढरे केस, चष्मा, कुणाचीही आई वाटावी असा चेहरा. माझ्याभोवती जी माणसं थबकून उभी राहिली, ती निदान थबकली तरी. इतके दिवस मी त्या थबकण्याचाच जाब विचारत होते. ह्या माणसाला तेवढंही मिळत नव्हतं, आणि नाव घेऊन हाक मारायला त्याला कुणाचं नाव ठाऊक असणार?

रिक्षा पुढे गेली. पुढच्या वळणाआधी रिक्षावाल्याने ती एकदम बाजूला घेतली, "बेसजो बेन, एक मिनिट," म्हणाला आणि उतरून मागे चालत गेला. मी मान वळवून पाहिलं. त्याने वाकून त्या माणसाचा खांदा हलवला, पुन्हा हलवला. तो उठून बसला आणि हात झटकून काहीतरी जोरात बोलला. रिक्षावाला हसत परत आला. "जीवे छे," म्हणाला, "गाळो बोले छे." मी विचारलं, मग थांबलात का? त्याने किक मारली, म्हणाला, कुणी थांबतच नव्हतं ना.

त्या रविवारी लेकीचा व्हिडिओ कॉल. म्हणाली, टॅबलेट आणि मोबाईल दोन्हींत आपत्कालीन माहिती भरून ठेव. कुलूप न उघडताही कुणाला ती बघता येते. रक्तगट, औषधं आणि कुणाला फोन करायचा त्यांची नावं. रक्तगटापर्यंत सगळं सुरळीत झालं, नावांवर अडलं. ह्यांचं म्हणणं, माझं नाव पहिलं. मी म्हटलं, तुम्ही दुपारी फोन शर्टाच्या खिशात ठेवून झोपता आणि कान दुसऱ्या कुशीवर. लेकीचं म्हणणं, माझं टाक. ती पुण्यात. रस्त्यात पडलेल्या बाईसाठी पुण्याला फोन लावून काय मिळणार, काळजी! बराच वेळ वाद झाला. शेवटी मी समोरच्या दारच्या बेनचा नंबर टाकला. त्यांच्याशी माझं पाण्याच्या टाकीवरून फार चांगलं नाही, पण त्या दिवसभर घरी असतात आणि फोन पहिल्या घंटीला उचलतात. नाव घातल्यावर सांगणं भाग होतं, म्हणून दार वाजवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळाला आठी घालून टॅबलेटकडे पाहिलं, स्वतःचं नाव दोनदा वाचलं. "मने पूछ्या वगर?" म्हणाल्या. मी काही बोलायच्या आत आत गेल्या आणि आपला मोबाईल घेऊन आल्या. त्याचीही काच तडकलेली होती. "तो हवे मारामां तमारुं नाखो," म्हणाल्या, "अने आ अक्षर मोटा करी आपो, मने कशुं देखातुं नथी." मी त्यांच्या सोफ्यावर बसले आणि डाव्या हाताने सेटिंग शोधायला लागले. त्यांचा मोबाईल गुजरातीत होता, माझा टॅबलेट मराठीत, आणि दोघींपैकी कुणालाही अक्षर मोठं करण्याचं बटण कुठे आहे ते माहीत नव्हतं.